पहिला घोट जखऱ्याबाबांचा

“कुणाच्या मनात कुणाविरुद्ध काही आहे का?” पप्पांनी विचारलं, आणि चर्चमध्ये नेहमीसारखी खसखस पिकली.

धामणवाडीच्या आमच्या मंडळीत ही जुनी रीत होती. प्रभुभोजन असलं की त्या आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळी सगळ्यांनी जमायचं, आपापली भांडणं उकरून काढायची आणि तिथंच मिटवायची. प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त म्हणून घ्यायचा. तो मनात अढी ठेवून घ्यायचा नाही. एकाच्याही मनात काही राहिलं तर कुणालाच मिळायचं नाही, मेज मांडायचंच नाही. नियम आमच्या पणजोबांच्या पिढीनं केलेला, आणि लोकांना त्याचा मोठा अभिमान. आम्ही त्याला समेटाची सभा म्हणायचो. खरं तर ती गावाची करमणूक होती. कुणाची शेळी कुणाच्या घासात शिरलेली असायची, कुणाच्या सुनेनं पाणवठ्यावर काही बोललेलं असायचं. दोघं उठायचे, तोंड वाकडं करत हात मिळवायचे आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे.

पप्पा तिथले पाळक. मी, त्यांची मुलगी सुवार्ता, नगरला ट्रेनिंग कॉलेजात होते. आई गेल्यापासून सुट्टीत घरी आले की स्वयंपाकघर आणि चर्चमधली पायपेटी, दोन्ही माझ्या गळ्यात पडायचं. एकोणीस वर्षांची होते आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला ठाऊक होती.

त्या बुधवारी शेळ्या, सुना, बांध सगळं आटोपलं. गुड फ्रायडे दोन दिवसांवर आला होता. पप्पा शेवटच्या प्रार्थनेसाठी हात वर करणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

“माझ्या मनात आहे.”

ओबेद उमाप उभा होता. पुण्याला एका कारखान्यात वेल्डर होता, ईस्टरला बायकामुलं घेऊन गावी यायचा. दाराजवळ, जिथं खालच्या आळीतली माणसं बसायची, तिथं तो उभा होता. शेजारी खाली बसलेले त्याचे म्हातारे वडील, जखऱ्याबाबा, त्याच्या पँटचं टोक ओढून त्याला बसवू बघत होते.

“कुणाविरुद्ध, ओबेद?” पप्पांनी विचारलं.

“समद्यांविरुद्ध.”

पुन्हा खसखस. नथनिएल मास्तर पहिल्या बाकावरून वळले. ते मंडळीचे मुख्य पंच, निवृत्त हेडमास्तर. “अरे, नावं तरी घे. एवढ्या लोकांशी हात मिळवता मिळवता तुझा रविवार उजाडायचा.”

“मास्तर, एक इचारू? माझा बाप दर टायमाला प्याला शेवटी का पितो?”

“कुणीतरी शेवटी असणारच की.”

लोक मोठ्यानं हसले. ओबेद थांबला, हसणं संपू दिलं.

“मंग परवा तुमी शेवटी प्या. माझ्या बापाच्या मागून.”

आता कुणी हसलं नाही.

आमच्या चर्चमध्ये प्याला एकच होता, चांदीचा, जुन्या मिशनरी साहेबानं दिलेला. सगळे त्यालाच ओठ लावत. आम्हा वरच्या आळीतल्या लोकांचे वाडवडील महारवाड्यातून ख्रिस्ती झाले होते. खालच्या आळीतली चार घरं पुढे मांगवाड्यातून आली. बाप्तिस्म्याचं पाणी एकच, शास्त्र एकच, देव एकच. पण प्याला आधी वरच्या आळीत फिरायचा, पुरुष मग बायका, आणि मग खाली जायचा. त्यांच्या मागून उरलेला रस पाळकानं संपवायचा असा दंडक होता. ते चालायचं, कारण पाळक म्हणजे मिशनचा माणूस. गावानं आमच्या आजोबांना विहिरीवर कसं चढू दिलं नाही, त्याच्या गोष्टी आमच्याकडे डोळ्यांत पाणी आणून सांगत. सांगणारे हेच लोक. प्याल्याचा नियम कुणी केला नव्हता. त्यात भांडण आहे असं कुणाला दिसतच नव्हतं, म्हणून समेटाच्या सभेत तो विषय कधी निघालाही नव्हता. पप्पांनी प्रवचनातून आडून आडून सांगून पाहिलं होतं. आडून सांगितलेलं लोकांना फार आवडायचं. प्रत्येकाला वाटायचं, शेजाऱ्याला सांगतायत.

पप्पांनी वर उचललेला हात खाली घेतला. “ओबेदचं मन मोकळं नाही. तोवर मेज मांडता येणार नाही,” ते म्हणाले. “सभा संपली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी नथनिएल मास्तर आमच्या ओट्यावर हजर. मी आत चुलीवर काळ्या मनुका उकळत ठेवल्या होत्या. आमच्याकडे द्राक्षरस असाच व्हायचा, मनुका रात्री भिजवायच्या, सकाळी उकळून, कुस्करून फडक्यातून गाळायच्या. मेज मांडायचं की नाही ते ठरलं नव्हतं, पण मनुका भिजवायला काय जातंय.

“पाळकसाहेब, मी सगळ्यांशी बोललो,” मास्तर म्हणाले. “सगळे पंच ओबेदशी हात मिळवतील. हवं तर मिठी मारतील. जखऱ्याला पहिल्या बाकावर बसवू. हार घालू.”

“आणि प्याला?”

“त्याच्यावरही तोडगा आहे. शहरातल्या चर्चांत आता छोटे छोटे काचेचे पेले आलेत. ज्याचा त्याचा वेगळा. कोण आधी, कोण नंतर, विषयच संपला. शिवाय आरोग्याच्या दृष्टीनंही...”

“आरोग्य आजच कसं आठवलं, मास्तर?”

मास्तर हसले. वाईट माणूस नव्हते ते. मला पाटीवर अक्षर त्यांनी गिरवायला शिकवलं. आईच्या आजारपणात रोज येऊन तिच्या उशाशी शास्त्र वाचायचे. ते वाईट असते तर मला ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

“जखऱ्याबाबांच्या मागून तुम्ही प्याल का? एवढंच सांगा,” पप्पा म्हणाले.

“माझं काही नाही हो. मी एका पायावर तयार आहे. पण म्हातारी माणसं आहेत, बायका आहेत. मंडळी फुटेल. लोक दुसऱ्या मिशनकडे जातील. चालेल तुम्हाला?”

“मला काय चालेल ते सोडा. देवाला काय वाटेल?”

“देव क्षमाशील आहे,” मास्तर म्हणाले. त्यांनी चहा संपवला, कप नीट बशीत ठेवला आणि निघाले.

पप्पा आत येऊन चुलीजवळ पाटावर बसले.

“उद्या कशावर बोलणार?” मी विचारलं.

“नोहावर.”

“गुड फ्रायडेला नोहा?”

“जलप्रलय म्हटला की आपण देवाचा राग सांगतो. सुवार्ता, शास्त्रात आधी राग नाहीये. आधी दुःख आहे. माणसाची दुष्टाई बघून देवाच्या काळजाला लागलं. पाऊस त्याच्या नंतरचा.”

“लागलं तर लागलं. मास्तरांच्या काळजाला कुठं लागतंय? बशीतला थेंबसुद्धा सोडला नाही त्यांनी.”

पप्पा हसले नाहीत. “रागावलेल्या माणसाचं काहीतरी करता येतं. पाया पडता येतं, शिक्षा भोगता येते. जो दुखावलाय आणि काही बोलतच नाही, त्याचं काय करायचं?”

मला वाटलं, उद्याच्या प्रवचनाची तालीम चाललीय. मी फडकं घेऊन रस गाळायला बसले.

दुपारी पप्पा खालच्या आळीत निघाले तेव्हा मीही चपला घातल्या. जखऱ्याबाबा निंबाखाली घायपाताचा दोर वळत बसले होते. बसले होते म्हणजे बोटं चालत होती एवढंच. छाती आतून घरघरायची, दर चार पिळांनी थांबून दम घ्यावा लागायचा. आता औषधाचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी ओबेदला सांगितलं होतं आणि ओबेदनं न सांगताच ते म्हाताऱ्यालाही कळलं होतं. वरच्या आळीत त्यांना अहोजाहो करणारे एकटे पप्पा. त्यांचं बघून मी.

“पाळकसाब, पोराचं मनावर घिऊ नगा,” जखऱ्याबाबा म्हणाले. “पुन्याला ऱ्हाऊन डोस्कं फिरलंय त्याचं. मला आपला घोटभर द्या. आधी काय अन् शेवटी काय, घशाखाली गेल्याशी मतलब. पुढल्या साली म्या नसनार.”

“तू गप ऱ्हा, बाबा.” ओबेद घरातून बाहेर आला. पप्पांसमोर उभा राहिला आणि एकदम त्याचा आवाज खाली आला. “पाळकसाहेब, ह्यो मानूस जल्मभर दाराशी बसला, लोकांच्या चपलांत. प्याल्याच्या बुडाला गाळ ऱ्हातो ना मनुकांचा, त्यो पिऊन यायचा अन् आमाला सांगायचा, आज प्रभूनं जेवू घातलं. मरायच्या आधी एकदा वरचा घोट मिळू द्या त्याला. एकदाच. दुसरं माझं काय बी मागनं न्हाई.”

पप्पा निंबाच्या बुंध्याला हात लावून उभे होते.

“पहिला घोट जखऱ्याबाबांचा,” ते म्हणाले. “माझा शब्द.”

“आन् त्याच्या मागून लोकं पितील?”

“पितील.”

“न्हाई प्याली तर?”

“तर कुणालाच मिळणार नाही. मी मेज गुंडाळीन.”

ओबेदनं दोन्ही हातांनी पप्पांचा हात धरला. “मंग माझं मन मोकळं झालं.”

जखऱ्याबाबा दोराचा सुटलेला पीळ परत घालत राहिले.

येताना पप्पा गुणगुणत होते. आई गेल्यापासून मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. संध्याकाळी मास्तरांकडे त्यांनी निरोप धाडला, की मेज मांडायचं आहे आणि पहिला घोट जखऱ्याबाबांचा आहे. मास्तरांकडून काही उत्तर आलं नाही. पप्पांनी त्याचा अर्थ चांगला घेतला. मीही घेतला.

गुड फ्रायडेला आमच्याकडे सगळ्यांचा उपास. दुपारची उपासना लांबलचक, वर पत्रे तापलेले, माणसं वाऱ्यासाठी दाराकडे माना वळवून बसलेली. तरी पप्पांनी त्या दिवशी सगळ्यांना जागं ठेवलं. देवानं माणूस केला तेव्हा किती हौसेनं केला, आणि मग त्याच माणसाकडे बघून त्याला कसं वाटलं असेल, ते त्यांनी आईबापांच्या भाषेत सांगितलं. ज्याचं पोर वाया गेलंय त्या बापाला विचारा, ते म्हणाले, त्याला राग येतो का. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नथनिएल मास्तरांनी रुमाल काढला. मला वाटलं, झालं, जिंकले पप्पा.

भाकर वाटून झाली. ती पप्पांनी स्वतः मोडून ज्याच्या त्याच्या हातावर ठेवली, तिथं अडचण नव्हतीच. मग त्यांनी दोन्ही हातांनी प्याला उचलला.

“जखऱ्याबाबा, पुढं या.”

ओबेदच्या दंडाला धरून जखऱ्याबाबा उठले. अंगात धुतलेला सदरा होता. मधल्या वाटेनं ते हळूहळू येत होते आणि दोन्ही बाजूंची माणसं समोर बघत होती. ते मेजापाशी पोचले. एरवी प्याला उचलला की बाकं वाजायची, रांग लागायची. आज एकही बाक वाजलं नाही.

“यांच्यासोबत कोण येतंय?” पप्पांनी विचारलं. ते घाईत नव्हते. आवाजात अजून आनंद होता.

कुणी हललं नाही. एका पोरानं पाणी मागितलं, आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मी पायपेटीवरून उठले आणि दोन पावलं पुढं गेले. पप्पांनी मान हलवली.

“तू बस, सुवार्ता. घरच्यांचं कुणी धरत नाही.”

मी बसले. मग नथनिएल मास्तर उठले. माझा जीव भांड्यात पडला. त्या क्षणी मी त्यांच्या सगळ्या चुका माफ केल्या. मास्तर मेजाजवळ आले, पप्पांच्या अगदी शेजारी, आणि हलक्या आवाजात म्हणाले, “पाळकसाहेब, ऊन फार झालंय. लोक सकाळपासून उपाशी आहेत. ताणू नका.”

पप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. प्याला त्यांच्या हातात होता. मला ठाऊक होतं ते काय करणार. प्याला खाली ठेवतील, मेजावरचं पांढरं कापड चारी बाजूंनी उचलतील आणि आत निघून जातील. शब्द दिला होता त्यांनी.

जखऱ्याबाबांनी ओबेदचा हात दंडावरून सोडवला.

“पाळकसाब,” ते म्हणाले, “म्या मागंच बरा हाय. माझ्यापायी देवाचं जेवान अडाय नगं. लोकं उपाशी हायती.”

“बाबा!” ओबेद म्हणाला.

जखऱ्याबाबांनी त्याच्या हातावर थोपटल्यासारखं केलं आणि ते वळले. आले तसेच, दम घेत घेत, मधल्या वाटेनं परत दाराकडे गेले. जाताना दोन-तीन माणसांनी पाय आत घेऊन त्यांना नीट वाट करून दिली. एकजण तर म्हणाला, “जपून, जखऱ्या.”

मी पप्पांकडे बघत होते. त्यांनी एक मोठा श्वास सोडला. मग त्यांनी प्याला नथनिएल मास्तरांच्या पुढं केला.

बाकं वाजली. रांग लागली. पुरुष, मग बायका, नेहमीसारखी. मी पायपेटी वाजवली नाही आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, लोक तोंडानंच गात होते आणि मनापासून गात होते. पप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. प्याला दोन्ही हातांत, त्यामुळे पुसता येत नव्हतं. एकेकाच्या ओठाला प्याला लावताना ते ठरलेले शब्द म्हणत होते, हे तुझ्यासाठी सांडलेलं रक्त आहे, आणि शब्द धड फुटत नव्हता. त्यांना रडताना बघून बायकाही रडायला लागल्या. माझं डोकं संतापानं फुटायची वेळ आली होती. मला वाटत होतं, उठावं आणि तो प्याला त्यांच्या हातातून खाली पाडावा.

ओबेद मेजापाशी होता तिथंच उभा होता. रांग त्याच्या बाजूनं जात-येत होती. शेवटी पप्पा दाराशी गेले. जखऱ्याबाबांनी डोळे मिटून घोट घेतला, मिशा पुसल्या, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान होतं की मला बघवेना.

मग ओबेद दारापाशी आला. धाकट्या पोराला कडेवर घेतलं.

“पाळकसाहेब, तुमच्या शब्दाचं काय झालं?”

पप्पांनी त्याच्याकडे पाहिलं.

“बाबा, चल. संध्याकाळच्या एस्टीनं निघायचं.”

“तुमी जावा,” जखऱ्याबाबा म्हणाले. “म्या कुठं येतोय आता. ईस्टर हाय परवा.”

“ईस्टरला आपल्या आळीतलं कुनीबी ह्यांच्या म्होरं हलगी वाजवाय जानार न्हाई,” ओबेद सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “सांगून ठिवतो.” आणि तो ऊन तुडवत निघून गेला. चर्चची पायरी तो पुन्हा कधी चढला नाही. मरेपर्यंत नाही, हे मला पुढं पुण्यात त्याच्या बायकोनं सांगितलं.

बाहेर बायका चपला शोधत होत्या. मास्तरांची बायको, सालोमीबाई, माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “काय गं रडले पाळकसाहेब! प्रभूच्या दुःखाचं एवढं वाटून घेणारा पाळक दुसरीकडं कुठं मिळायचा? भाग्य आमचं.”

दिवस मावळताना पप्पा मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसले होते. उपास सोडला नव्हता. मी ताट नेऊन ठेवलं आणि समोर उभी राहिले.

“तुम्ही मेज गुंडाळणार होतात.”

“हो.”

“मग?”

“ते म्हणाले, मी मागंच बरा.” पप्पा थांबले. “आणि मला हायसं वाटलं.”

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

“हायसं वाटलं, सुवार्ता. सुटलो असं वाटलं. मंडळी फुटली नाही, मास्तरांशी वैर आलं नाही, आणि मला काही करावं लागलं नाही. त्यांनीच मिटवलं. श्वास सोडला बघ मी. तू पाहिलास?”

“पाहिला.”

“तो सोडता सोडता मला कळलं, की कुणाला तरी लागलं. जखऱ्याबाबांना नव्हे. ते समाधानात होते. दुसऱ्या कुणाला तरी. माझ्या इतक्या जवळ, की हात लांब केला असता तर लागला असता.” त्यांनी तळहाताकडे पाहिलं. “मास्तरांमुळे नाही लागलं. मास्तर तसेच आहेत, ते त्याला ठाऊक आहे. माझ्यामुळं लागलं.”

मी खाली त्यांच्याजवळ बसले.

“देवाची माफी मागा,” मी म्हणाले.

“देईल तो. मागायच्या आधीच देईल.” ते हसल्यासारखं काहीतरी करून थांबले. “तेच तर आहे. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, पाप केलं की देव कोपतो. कोपत नाही गं. कोपला असता, एकदा जरी अडून बसला असता, तर आपण कधीच सुधारलो असतो. तो काही म्हणत नाही. तो आपला मागं जाऊन उभा राहतो. माझ्यापायी जेवण अडायला नको म्हणतो. आणि आपण जेवतो.”

“मग आता काय करायचं?”

“आता काय,” पप्पा म्हणाले. “जेवलो आपण.”

पप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले. पाळकपण सोडायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला, लोकांनी सोडू दिलं नाही. त्यांच्या प्रवचनांचं नाव झालं, लांबून बोलावणी यायची. पण प्याला हातात घेतलेला असताना त्यांनी मान वर करून लोकांकडे पाहिलेलं मी पुन्हा पाहिलं नाही. शेवटच्या दुखण्यात मी त्यांना विचारलं होतं, प्रार्थना करू का. म्हणाले, नको, त्याला आणखी कशाला त्रास.

ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी उजाडायच्या आत चर्चपुढं जमायची आणि गात गात स्मशानभूमीकडे जायची. ख्रिस्त उठला ही बातमी आधी आपल्या मेलेल्या माणसांना द्यायची, असं जुने लोक म्हणायचे. सगळ्यांच्या पुढं खालच्या आळीतली हलगी असायची. तिच्या ठेक्याशिवाय गाणं उचललंच जायचं नाही. त्या वर्षीच्या ईस्टरला पहाटे सगळे जमले आणि पुढं कुणी नव्हतं.

“खरंच आले नाहीत बघा,” नथनिएल मास्तर म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. “सणाच्या दिवशी असं करावं का? एवढा आकस बरा नव्हे.”

पप्पा माझ्या शेजारी उभे होते. दोन दिवसांत त्यांच्या पोटात धड अन्न गेलं नव्हतं. लोक वाट बघत होते, कारण पहिली आरोळी पाळकाची असते. पाळकानं म्हणायचं, ख्रिस्त उठला आहे, आणि सगळ्यांनी ओरडायचं, खरोखर उठला आहे. पप्पांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं.

तेवढ्यात खालच्या बाजूनं हलगी वाजली.

अंधारातून जखऱ्याबाबा येत होते. एकटेच. गळ्यात हलगी, धुतलेला सदरा, आणि ठेका असा तुटक, की मध्ये मध्ये त्यांच्या छातीची घरघर ऐकू यायची. ते कुणाकडे न बघता गर्दीच्या पुढं जाऊन उभे राहिले. लोकांत आनंद पसरला. बायका म्हणाल्या, आला गं बाई जखऱ्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

“ख्रिस्त उठला आहे!” पप्पांच्या ऐवजी मास्तरांनीच आरोळी दिली.

“खरोखर उठला आहे!” सगळे ओरडले आणि मिरवणूक निघाली.

पप्पा जागचे हलले नाहीत. माझ्या खांद्याला धरून त्यांनी तोंड माझ्या पदरात घातलं, भर रस्त्यात, लहान पोरासारखं. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी गात पुढं जात होती. पुढून ठेका मंदावला, थांबला, पुन्हा सुरू झाला.

“जखऱ्या, जरा जोरात वाजव रे,” मास्तर मागून प्रेमानं ओरडले. “प्रभू उठलाय आज!”

जखऱ्याबाबांनी मान डोलावली आणि ते जोरात वाजवायला लागले.